भाषण कसे झाले, हे श्रोत्यांना कसे विचारावे?



आपल्या धाराशिव जिल्ह्यात भाषणांना काही तोटा नाही. मिरगाच्या तोंडावर शेतकरी मेळावे होतात, केंद्राच्या शिक्षण परिषदा भरतात, कॉलेजात शिबिरे होतात. वक्ते बोलतात, टाळ्या पडतात, आभार मानले जातात. दाराशी अभिप्रायाची वही असते. तीत बहुधा एकच वाक्य सापडते, ते म्हणजे "कार्यक्रम छान झाला, मोलाचे मार्गदर्शन मिळाले." आता यातून वक्त्याला काय कळले? आपला मान राखला गेला, एवढेच.

यात बिघडते काय, ते पाहू. समजा, सोयाबीनच्या बीजप्रक्रियेवर भाषण झाले. बियाण्याला आधी बुरशीनाशक चोळायचे आणि रायझोबियम जिवाणूंचे संवर्धक सर्वांत शेवटी लावायचे; मग बियाणे सावलीत वाळवायचे. हा क्रम उलटला, तर बुरशीनाशकाने जिवाणूच मरण्याची भीती. भाषण संपल्यावर "कसं वाटलं?" असे विचारा, शंभरजण "लई चांगलं" म्हणतील. पण "उद्या घरी गेल्यावर आधी काय लावाल?" असे विचारा. दहाजणांनी जरी उलटे सांगितले, तरी भाषणात कुठे तरी गाठ राहिली, हे पेरणीच्या आधी कळेल. पेरणी झाल्यावर कळून काय उपयोग?

यात दोष श्रोत्याचा नाही बरं का. वयाने, मानाने मोठ्या पाहुण्याला तोंडावर "कळलं नाही" म्हणणे आपल्या रीतीत बसत नाही. म्हणून विचारण्याची पद्धतच निराळी हवी.

अशी पद्धत आपल्याच मराठी मुलखात एकदा नीट करून पाहिली गेली आहे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने ग्रामीण श्रोता मंडळांचा प्रयोग केला. आपला जिल्हा त्या वेळी हैदराबाद राज्यात होता. मुंबई राज्यात तो त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आला. प्रयोगासाठी पाच जिल्ह्यांतली १५० गावे निवडली होती. प्रत्येक गावी वीसेक माणसांचे मंडळ. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण २० कार्यक्रम झाले. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि मंडळाने चर्चा करायची. चिटणीसाने निष्कर्ष आणि शंका लिहून केंद्राकडे धाडायच्या. केंद्र त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून देई. कल्पना मूळची कॅनडातली. तिकडे शेतकऱ्यांची अशी मंडळे १९४१ पासून चालत होती.

या प्रयोगाची पारख टाटा समाजविज्ञान संस्थेने केली. पॉल न्यूराथ हे समाजशास्त्रज्ञ त्यात प्रमुख होते. मंडळे असलेली गावे, नुसता रेडिओ असलेली गावे आणि रेडिओ नसलेली गावे, अशी तुलना झाली. लोकांना आधी काय ठाऊक होते आणि नंतर काय, हे विचारून पाहिले. मंडळांच्या गावी ज्ञान पुष्कळ वाढलेले दिसले. नुसता रेडिओ असलेल्या गावी त्या मानाने थोडेच. ऐकलेल्या गोष्टीवर बोलायला मिळाले, शंका विचारता आल्या, त्याचा हा परिणाम. पुढे १९५९ पासून ही मंडळे देशभर सुरू झाली.

आता आजच्या काळातले एक उदाहरण घ्या. संगणकाच्या क्षेत्रात 'मुक्त स्रोत' म्हणून एक चळवळ आहे. तिच्यातल्या प्रणालींची घडण सर्वांना पाहायला आणि सुधारायला खुली असते. शाळांतून वापरता येणारे लिब्रेऑफिस हे त्यातलेच. या मंडळींच्या संमेलनांत एकाच वेळी निरनिराळ्या दालनांत व्याख्याने चालतात. तेव्हा "संमेलन कसे झाले?" या प्रश्नाला जेवणाचे आणि खुर्च्यांचेच उत्तर येणार! म्हणून प्रत्येक व्याख्यानाचा अभिप्राय वेगळा मागावा लागतो, आणि तो त्या वक्त्यापर्यंत पोचवावा लागतो. शिवाय, नेमका दोष दाखवणारा माणूस त्या कामात मदतनीस समजला जातो. 'मी काय केले, काय व्हायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय झाले' हे तो लिहून देतो. उणे काढणे निराळे, आणि उणीव दाखवणे निराळे.

आपल्या शिक्षण परिषदेत किंवा मेळाव्यात हे कसे करावे? शिक्षकांनी मनावर घेतले, तर खर्च काहीच नाही.

भाषणागणिक कागदाची छोटी चिठ्ठी द्यावी, त्याच दिवशी, माणसे पांगण्याआधी. नाव लिहायला लावू नये. प्रश्न तीनच पुरेत. यातले उद्या काय करून पाहाल? कुठे अडले? काय सांगायचे राहिले? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात समज-गैरसमज उघडा पडतो.

ज्यांना लिहिता येत नाही, त्यांना दहा-पंधराजणांच्या घोळक्यात बसवून विचारावे. बायका मोकळेपणी बोलाव्यात म्हणून त्यांचा घोळका वेगळा, आणि लिहिणारी बाईच असावी. बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे उतरवावेत; आपल्या पुस्तकी भाषेत घोटून गुळगुळीत करू नयेत. वक्ता त्या वेळी शेजारी नसावा.

चिठ्ठ्या मोजतानाही विचार हवा. चाळीसजणांनी "उत्तम" लिहिले आणि दोघांनी "मागं ऐकूच आलं नाही" असे लिहिले, तर त्या दोघांचे आधी पाहावे. मागे बसलेल्या कितीतरी जणांची अडचण त्या दोघांनीच लिहिली असेल.

आणि शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पुढच्या सभेची पहिली पाच मिनिटे या शंकांच्या उत्तराला द्यावीत. "मागच्या वेळी तुम्ही अमुक विचारले होते, त्याचे उत्तर हे" असे सांगावे. उत्तर मिळत नाही असे दिसले, की माणसे पुन्हा 'छान झाले' लिहू लागतात. उत्तर मिळाले, तर पुढच्या खेपेस आपण होऊन कागद मागतात. येत्या परिषदेत एकाच भाषणापुरते का होईना, हे करून पाहावे.