मोटारीतील बालकाचे आसन

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात दाखल झालेल्या १९४-ब या कलमान्वये, चौदा वर्षांखालील बालकास पट्ट्याने वा बालआसनाने सुरक्षित न करता मोटार हाकणाऱ्या इसमास एक हजार रुपये दंडाची तरतूद आहे. तथापि कोणत्या बालकास कोणते आसन, याचा निर्णय दुकानात रंग पाहून करावयाचा, अशीच आपल्याकडची एकंदर वहिवाट दिसते.

वास्तविक प्रथम पाहावयाची ती मुलाची उंची आणि वजन. तान्ह्या मुलाचे मस्तक देहाच्या मानाने जड आणि मान कोवळी असल्यामुळे, समोरून आघात झाला असता तो भार पाठ, मान आणि डोके यांवर विभागला जावा, म्हणून त्याचे आसन मागे तोंड करून बसवावे लागते. युरोपातील आर-१२९ हा नियम पंधरा महिन्यांपर्यंत ही दिशा सक्तीची मानतो. मूल आसनात मावते तोवर ती बदलू नये, असे माझे आग्रहाचे मत आहे. मात्र समोरची एअरबॅग चालू असता असे आसन पुढच्या बाकावर कदापि बसवू नये.

हार्नेसचे, म्हणजे स्वतःचे पट्टे असलेले, आसन अपुरे पडू लागले की बूस्टर, म्हणजे मुलास उंच बसवणारी बैठक, घ्यावा. नुसत्या पट्ट्याची पात्रता मुलास येते ती, खालचा पट्टा पोटावरून न जाता कंबरेच्या हाडांवर आणि वरचा गळ्यास न घासता खांद्याच्या मध्यावर बसेल तेव्हाच. हे साधारणतः १३५ ते १५० सेंटीमीटर उंचीच्या दरम्यान घडते. आयसोफिक्सचे, म्हणजे गाडीतील कडीस थेट अडकणारे, आसन घेण्यापूर्वी आपल्या गाडीत तशी कडी आहे की नाही, याची खातरजमा करावी; आणि अपघातातून गेलेले जुने आसन, दिसावयास कितीही धड असले, तरी फुकटही स्वीकारू नये.