गाडीतला आवाज मोठा नको, साफ हवा : कमी खर्चात म्युझिक सिस्टम कशी सुधाराल?

गेल्या वर्षी आमच्या घरी सेकंडहँड गाडी आली. पहिलाच लांबचा प्रवास हिंगोलीहून नांदेडचा, एका लग्नासाठी. पुढे मी आणि धाकटा भाऊ, मागे अब्बा आणि अम्मी. अब्बांनी मोबाईलवरचं त्यांच्या आवडीचं बयान लावायला सांगितलं. कळमनुरी येईपर्यंत त्यांनी तीन वेळा आवाज वाढवायला लावला. आखाडा बाळापूरच्या पुढे दारं थरथरायला लागली, अम्मीचं डोकं दुखायला लागलं, आणि अब्बा म्हणाले, "आवाज तो आ रहा रे, पर बोल क्या रहे कुछ समजता नई."

या एका वाक्यातच सगळी अडचण आहे. गाडीची म्युझिक सिस्टम सुधारायची म्हटलं की आपण 'आवाज वाढवणं' एवढंच समजतो. दुकानातही पहिलं उत्तर तेच मिळतं. मोठ्या स्क्रीनचा अँड्रॉइड टेप टाका, मागे बास ट्यूब ठेवा. मला अठरा-वीस हजारांचा हिशोब सांगितला गेला. शेवटी आमचं काम त्याच्या एक तृतीयांशापेक्षा कमी पैशात झालं, पण मध्ये एक चूक करूनच. तुमची ती चूक टळावी म्हणून हे सविस्तर लिहितोय.

शब्द का कळत नाहीत?

माणसाच्या आवाजाचा पाया साधारण १०० ते २५० हर्ट्झच्या आसपास असतो. पण शब्द ओळखू येतात ते व्यंजनांमुळे. त, क, ख, स, श हे आवाज त्याहून खूप वर असतात. साधारण २,००० ते ४,००० हर्ट्झच्या पट्ट्यात बोलण्याचा बराचसा स्पष्टपणा असतो. वय वाढतं तशी कानाची ऐकण्याची ताकद आधी याच वरच्या पट्ट्यात कमी होते. म्हणून म्हातारी माणसं म्हणतात, आवाज येतो पण कळत नाही.

आता गाडीत काय होतं बघा. स्वस्त मॉडेलमधले कंपनीचे स्पीकर बहुतेक वेळा एकाच कागदी कोनचे, लहान मॅग्नेटचे असतात. ते दाराच्या खालच्या बाजूला, आपल्या पोटरीजवळ बसवलेले असतात. बारीक, वरचा आवाज सरळ रेषेत जातो. तो जातो गुडघ्याकडे, कानाकडे नाही. त्यावर टायरचा आणि वाऱ्याचा आवाज. या सगळ्यात बास वाढवला की उरलेसुरले शब्दही त्याखाली दबतात. ज्या घरात बयान, तिलावत, नात, बातम्या किंवा जुनी गाणी जास्त ऐकली जातात, त्या घराला बासपेक्षा साफ आवाजाची गरज जास्त असते.

आधी फुकटचे उपाय

एक रुपया खर्च करण्याआधी हे करून बघा.

टेपच्या सेटिंगमध्ये 'लाऊडनेस' किंवा 'बास बूस्ट' चालू असेल तर बंद करा. बास शून्यावर आणा, ट्रेबल एक-दोन पायऱ्या वाढवा. ब्लूटूथवर ऐकताना मोबाईलचा आवाज ८०-९० टक्क्यांवर ठेवा आणि बाकी कमी-जास्त टेपवर करा. मोबाईलचा आवाज कमी आणि टेपचा फुल्ल असेल तर खरखर वाढते. मोबाईलच्या ॲपमध्ये इक्वलायझर चालू असेल तर तोही बंद करा. दोन ठिकाणी छेडछाड झाली की आवाज फाटतो.

मग फाईल तपासा. व्हॉट्सॲपवर दहा ठिकाणांहून फिरून आलेली क्लिप किंवा सभेत मागे बसून मोबाईलवर केलेलं रेकॉर्डिंग कुठल्याही स्पीकरवर साफ वाजणार नाही. तेच बयान मूळ चॅनलवरून चांगल्या दर्जात डाउनलोड करून पेनड्राइव्हवर टाका आणि फरक ऐका. आमच्या गाडीत निम्मा फरक इथेच पडला.

शेवटी गाडी उभी करून गाणं लावा आणि दारावर, डॅशवर, मागच्या ट्रेवर हात ठेवून बघा. जिथे हात ठेवल्यावर खडखड थांबते तिथे सैल क्लिप किंवा सैल प्लास्टिक आहे. फोमची चिकटपट्टी लावली की काम होतं.

पहिला खर्च : पुढच्या दारातले स्पीकर

एवढं करूनही समाधान झालं नाही, तर पैसा आधी पुढच्या दोन स्पीकरवर लावा. टेपवर नाही आणि बासवरही नाही.

बाजारात दोन प्रकार मिळतात. कोॲक्सियल म्हणजे एकाच स्पीकरच्या मध्यभागी छोटा ट्वीटर बसवलेला. हा स्वस्त आणि बसवायला सोपा. कंपोनंट म्हणजे ट्वीटर वेगळा, तो वर आरशाजवळच्या तिकोनी पट्टीत बसवता येतो, त्यामुळे बारीक आवाज थेट कानाकडे येतो. पण किंमत आणि मेहनत दोन्ही जास्त. सोनी, पायोनियर, जेबीएल, इन्फिनिटी अशा नावाजलेल्या कंपन्यांची कोॲक्सियल जोडी साधारण दोन ते साडेतीन हजारांत मिळते. कंपोनंटचा सेट चार-पाच हजारांच्या पुढे जातो.

घेण्याआधी दार उघडून साईज मोजा. बऱ्याच गाड्यांत पुढे ६.५ इंच किंवा ५.२५ इंच असतो, काही जुन्या छोट्या गाड्यांत ४ इंचच. खोलीही मोजा. मॅग्नेट मोठा असेल तर काच खाली आल्यावर त्याला घासते.

वॉटच्या आकड्याला भुलू नका

डब्यावर मोठ्या अक्षरात ३०० वॉट, ५०० वॉट लिहिलेलं असतं. तो क्षणभराचा कमाल आकडा. खरा आकडा 'आरएमएस'चा, बारीक अक्षरात असतो. टेपवरही ५० वॉट गुणिले ४ लिहिलेलं असलं तरी सतत मिळणारी खरी ताकद एका स्पीकरला साधारण १५ ते २० वॉट इतकीच असते.

म्हणून अँप नसेल तर स्पीकरची 'सेन्सिटिव्हिटी' बघा. ती डेसिबलमध्ये असते. ९० किंवा त्याहून जास्त असलेला घ्या. ३ डेसिबलचा फरक म्हणजे तेवढाच आवाज निम्म्या ताकदीत. ८७ चा स्पीकर जेवढा आवाज २० वॉटमध्ये देईल, तेवढा ९० चा स्पीकर १० वॉटमध्ये देतो. आणि इम्पिडन्स ४ ओहम आहे ना, तेही तपासा, कारण बहुतेक टेप त्याच हिशोबाने बनवलेले असतात.

दार म्हणजे स्पीकरचा डबा

घरातला स्पीकर लाकडी डब्यात असतो. गाडीत तो डबा म्हणजे दार, आणि दार आहे पातळ पत्र्याचं. स्पीकरसोबत पत्राही वाजतो आणि आवाज गढूळ होतो. त्यावर उपाय म्हणजे डॅम्पिंग शीट, म्हणजेच ॲल्युमिनियमचा थर असलेली चिकट रबरी शीट. दाराच्या बाहेरच्या पत्र्याला आतून, स्पीकरच्या मागे ती चिकटवायची. सगळा पत्रा झाकायची गरज नाही.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, ब्यूटाइल रबरची शीट मागा. डांबराची शीट स्वस्त असते, पण आपल्या मराठवाड्याच्या उन्हात उभ्या गाडीचं दार तापलं की ती मऊ होते, सुटते आणि वास मारते. दोन, दाराच्या तळाशी पाणी निघायला छिद्रं असतात. ती अजिबात बुजवू नका. पावसाचं पाणी काचेच्या फटीतून दारात जातंच. बाहेर निघायला वाट नसेल तर दार आतून गंजतं. दाराच्या आत जो प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो तो फाडून फेकू देऊ नका, नाहीतर पावसाळ्यात पाणी गाडीत येतं.

वायर : इथे पैसे वाचवू नका

आता आमची चूक. पहिल्यांदा ज्या दुकानात स्पीकर बदलले, तिथे कारागिराने मूळ सॉकेट कापून टाकला, वायरी पिळून वर टेप गुंडाळला. पंधरा मिनिटांत काम झालं म्हणून आम्ही खूश. पण आवाज आधीपेक्षा पोकळ येऊ लागला आणि महिन्याभरात फ्यूज उडायला लागला. उघडून बघितलं तर उन्हाने टेपचा गोंद सुटला होता आणि उघडी तार पत्र्याला लागत होती. नशीब, फ्यूजने आपलं काम केलं.

पोकळ आवाजाचं कारण वेगळं होतं. एका दारात प्लस-मायनस उलटं जोडलेलं होतं. असं झालं की एक कोन बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो आणि खालचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतो. तपासायची युक्ती सोपी आहे. टेपपासून वायर सोडवा आणि १.५ व्होल्टचा साधा पेन्सिल सेल स्पीकरच्या टोकांना क्षणभर लावा. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला लागला तर कोन बाहेर सरकतो.

कारागिराला चार गोष्टी आधीच सांगा. मूळ वायर कापायची नाही, गाडीच्या सॉकेटला बसणारा कपलर वापरायचा. तो दोन-चारशे रुपयांत मिळतो. काम सुरू करण्याआधी बॅटरीचा मायनस काढायचा. जिथे जोड द्यावाच लागेल तिथे सोल्डर किंवा क्रिंप करून हीट-श्रिंक नळी चढवायची. आणि एअरबॅगच्या वायरींना हात लावायचा नाही, त्या बहुतेक वेळा पिवळ्या आवरणात असतात. गाडी नवी असेल, वॉरंटीत असेल, किंवा बाजूच्या एअरबॅग असतील, तर दार उघडण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा. वायर कापलेली दिसली तर वॉरंटीत भांडण होतं.

टेप बदलायचा का?

ब्लूटूथ आणि यूएसबी चालत असेल तर घाई नको. स्वस्त अँड्रॉइड टेपचा पडदा मोठा दिसतो, पण आतला अँप जुन्या टेपपेक्षा चांगला असेलच असं नाही. परभणी किंवा नांदेड आकाशवाणी ऐकणाऱ्यांनी दुकानातच रेडिओ लावून बघावा. नवीन टेप टाकल्यावर रेडिओ खरखरत असेल तर अँटेनाला करंट देणारी निळी वायर जोडली आहे का ते विचारा. बरेचदा ती तशीच लोंबकळत असते. रात्री गाडी उभी ठेवून सकाळी बॅटरी उतरलेली मिळाली, तर लाल आणि पिवळ्या वायरची अदलाबदल झालीय का ते बघायला सांगा. पिवळी कायम करंटची, लाल चावी फिरवल्यावरची.

बासची हौस असेल तर ती शेवटी भागवा. सीटखाली बसणारा छोटा सबवूफर घरच्या गाडीला पुरतो. डिकीत मोकळा ठेवलेला डबा जोरात ब्रेक लागला की मागच्या सीटवर आदळतो. मागे मुलं बसतात हे विसरू नका. अँप किंवा सबवूफरला थेट बॅटरीवरून वायर घ्यावी लागते आणि त्या वायरला बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवाच. फ्यूज नसलेली जाड वायर कुठे घासली तर आग लागू शकते.

आमचा हिशोब

दुसऱ्यांदा नीट काम करून घेतलं तेव्हा खर्च असा आला. पुढची कोॲक्सियल जोडी २,६०० रुपये, दोन दारांची डॅम्पिंग शीट १,५००, कपलर आणि स्पीकरच्या रिंगा ५००, मजुरी ७००. एकूण ५,३०० रुपये. मागचे स्पीकर कंपनीचेच ठेवले. अब्बा मागे बसतात म्हणून फेडर थोडा मागे सरकवला, बास कमी केला.

कान आणि शेजारी

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित, पण ९० डेसिबल झाला की मर्यादा फक्त ४ तासांवर येते. साधी खूण लक्षात ठेवा. शेजारी बसलेल्याशी ओरडून बोलावं लागत असेल तर आवाज जास्त आहे. ॲम्ब्युलन्सचा सायरन ऐकू येत नसेल तरीही जास्तच आहे. केंद्राच्या २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांनुसार राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री गल्लीत शिरताना काच खाली आणि बास फुल्ल, हे नियमात बसत नाही आणि शेजाऱ्यांच्या हक्कातही बसत नाही.

परवा पुन्हा नांदेडला गेलो. त्याच रस्त्याने. वारंगा फाटा मागे पडला तरी अब्बांनी आवाज वाढवायला सांगितलं नाही. अर्धापूरजवळ तेच म्हणाले, "थोडा कम कर, तेरी अम्मी सो गई." परत आल्यावर त्यांच्या कानांची तपासणीही करून घेतली, कारण स्पीकर बदलून कान बदलत नाहीत. घरात कुणी वारंवार आवाज वाढवायला सांगत असेल, तर दुकानात जाण्याआधी हेही एकदा तपासून घ्या.