काठी कोण हलवते?

उन्हाळा सुरू झाला, विहिरींचे पाणी तळाला गेले, की आपल्याकडच्या पुष्कळ गावांत एका माणसाला बोलावणे जाते. त्याला म्हणतात पाणाड्या. कोणी पाणाड्या गलोलीच्या बेचकीसारखी दुबेळकी फांदी दोन्ही हातांत धरून शेतातून चालतो, तर कोणी तळहातावर नारळ आडवा ठेवून. चालता चालता एका ठिकाणी फांदी एकाएकी खाली वळते किंवा आडवा नारळ उभा राहतो. "इथं घ्या बोअर!" पाणाड्या सांगतो. तेथे दगड मांडून खूण केली जाते. मग बोअरची गाडी येते आणि कित्येकदा खरोखरच पाणी लागते!

शास्त्रज्ञ मात्र सांगतात, की फांदीला किंवा नारळाला पाण्याचा पत्ता लागत नाही. तशा चाचण्या झालेल्या आहेत आणि त्यांचे निकालही छापून आलेले आहेत. तरीही केवळ महाराष्ट्रातच नव्हे, तर जर्मनी, इंग्लंड, अमेरिका अशा देशांतही शिकलेसवरलेले लोक या विद्येवर विश्वास ठेवतात. असे का बरे होत असावे? हे लोक मूर्ख असतात का? की सगळे पाणाडे लबाड असतात?

तसे समजणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. कित्येक पाणाडे मनाने अगदी सरळ असतात. काही तर पैसाही घेत नाहीत. फांदी आपण हलवत नाही, ती आपोआप हलते, असे ते शपथेवर सांगतील. ते खोटे बोलत नसतात. मग घोटाळा होतो कोठे? चला, शोधून काढू या.

हात हलतो, पण कळत नाही

सुमारे एक वीत लांबीचा दोरा घ्या. त्याच्या टोकाला अंगठी किंवा लोखंडी नट बांधा. एका कागदावर अधिकाची मोठी खूण काढा. दोऱ्याचे वरचे टोक चिमटीत धरून नट त्या खुणेच्या मध्यावर लोंबता ठेवा. कोपर टेबलाला टेकवू नका. हात अगदी स्थिर ठेवायचा आहे. आता मनात फक्त एवढेच आणा, की नट उभ्या रेघेवरून पुढेमागे हलतो आहे. थोड्या वेळात तो हलू लागेल. मग मनात आडवी रेघ आणा. नट आपली दिशा बदलेल! तुम्ही हात हलवला का? तुम्ही म्हणाल, "मुळीच नाही." पण तोच दोरा खिळ्याला बांधून पाहा. कितीही विचार करा, नट हलणार नाही.

शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला असे प्रयोग केले. त्याचा लोलक पाऱ्याच्या भांड्यावर धरला की झुलू लागे आणि मध्ये काच सरकवली की थांबे. पाऱ्याचा हा काही गूढ प्रभाव असावा, असे कोणालाही वाटले असते. पण शेव्हरल तेवढ्यावर थांबला नाही. त्याने स्वतःचे डोळे बांधून घेतले आणि सहकाऱ्याला सांगितले, की मला न कळवता काच मध्ये घाल आणि काढ. आता लोलक काचेची दखलच घेईना! लोलकाला चालवत होती ती शेव्हरलची स्वतःचीच अपेक्षा. आपला हा निष्कर्ष त्याने १८३३ साली प्रसिद्ध केला.

पुढे १८५३ साली मायकेल फॅरडे यांनीही असाच एक शोध घेतला. त्या वेळी इंग्लंडमध्ये टेबलाभोवती बसून त्यावर हात टेकायचे आणि टेबल 'आपोआप' फिरते असे पाहायचे, याचे वेड पसरले होते. कोणी म्हणत वीज, कोणी म्हणत भुते. फॅरडे यांनी हात आणि टेबल यांच्या मध्ये सरकू शकणाऱ्या पट्ट्या ठेवल्या. टेबल आधी हलले असते, तर खालची पट्टी पुढे गेली असती. प्रत्यक्षात वरची पट्टी पुढे गेली. म्हणजे हातच आधी हलत होते! मग त्यांनी हाताची हालचाल दाखवणारा एक काटा बसवला. तो काटा लोकांना दिसू लागताच टेबलाचे फिरणे बंद पडले. ते लोक काही लबाड नव्हते. आपण टेबल ढकलतो आहोत, हे त्यांना ठाऊकच नव्हते.

दुबेळक्या फांदीचेही तसेच आहे. तिची दोन टोके मुठीत धरून बाहेरच्या बाजूला ताणली, की ती वाकवलेल्या धनुष्यासारखी होते. तिच्यात ऊर्जा साठते. अशा वेळी मनगट किंचित वळले तरी फांदी झटक्यात खाली जाते, आणि तीही इतक्या जोराने, की कोणी बाहेरून ओढल्यासारखे वाटावे. तळहातावरच्या नारळाचा तोल बदलायलाही हाताची बारीकशी हालचाल पुरते.

पाणी लागते ते कसे?

आता तुम्ही म्हणाल, "फांदी हाताने हलली असे मानले, तरी पाणी तर लागते ना?" शंका रास्त आहे. तिचे उत्तर जमिनीत आहे.

पुष्कळांची अशी कल्पना असते, की जमिनीखाली पाण्याच्या अरुंद शिरा वाहतात आणि नेमकी ती शीर सापडली तरच पाणी मिळते. खरी स्थिती निराळी आहे. महाराष्ट्राचा सुमारे ऐंशी टक्के भाग बेसॉल्ट या काळ्या खडकाने व्यापलेला आहे. ज्वालामुखीच्या लाव्हारसाचे थरावर थर साचून तो बनला. पावसाचे मुरलेले पाणी या खडकाच्या वरच्या मुरमाड भागात, भेगांत आणि सच्छिद्र थरांत साठते. ते सगळीकडे सारखे नसते. कोठे भरपूर मिळते, कोठे जेमतेम. पण एखाद्या बऱ्या शिवारात डोळे मिटून दगड फेकला आणि तो पडेल तेथे बोअर घेतली, तरी पाणी लागण्याची शक्यता बरीच असते.

शिवाय अनुभवी पाणाड्या डोळे मिटून चालत नाही. उतार कोणत्या बाजूला आहे, ओढा कोठून जातो, हिरवे गवत कोठे टिकून आहे, हे तो पाहत असतो. वराहमिहिराने सहाव्या शतकात लिहिलेल्या 'बृहत्संहिते'त झाडे आणि वारुळे पाहून जमिनीतले पाणी ओळखण्यावर एक स्वतंत्र प्रकरणच आहे. त्यातले सगळे खरे ठरते असे नाही, पण पाहून अंदाज बांधण्याची ही रीत जुनी आहे. मनाने बांधलेला अंदाज हाताला कळतो, हात फांदीला हलवतो आणि श्रेय मात्र फांदीला मिळते!

चार घरांचा हिशेब

फांदीत काही गुण आहे की नाही, हे मग ठरवायचे कसे? एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका तालुक्यात १०० बोअर घेतल्या. त्यांपैकी ६० पाणाड्याने दाखवलेल्या जागी होत्या. त्यांतल्या ४२ ठिकाणी पाणी लागले, १८ कोरड्या गेल्या. उरलेल्या ४० बोअर लोकांनी आपल्या सोयीने, पाणाड्याला न विचारता घेतल्या. त्यांत २८ ठिकाणी पाणी लागले, १२ कोरड्या गेल्या.

लोकांच्या तोंडी काय राहील? "पाणाड्याने बेचाळीस ठिकाणी पाणी काढून दिले!" पण जरा भागाकार करा. ६० पैकी ४२ म्हणजे ७० टक्के. ४० पैकी २८ म्हणजेही ७० टक्केच. म्हणजे पाणाड्याचा उपयोग शून्य! हे कळायला चारही घरांतले आकडे लागतात. आपले मन मात्र पहिल्याच घरापाशी थांबते. लागलेले पाणी सगळ्या गावाला दिसते, त्याचा नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. कोरडी बोअर दगड टाकून बुजवली जाते आणि तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

म्हणूनच चाचणी घ्यावी लागते. १९९० साली जर्मनीतील कासल या गावी अशी एक चाचणी झाली. जमिनीत सुमारे अर्धा मीटर खोल प्लॅस्टिकचा नळ पुरला होता. त्यातून पाणी सोडता येई आणि बंदही करता येई. पाणी वाहते आहे की नाही, एवढेच सांगायचे होते. सुमारे ३० जणांनी भाग घेतला. चाचणीच्या अटी त्यांना आधी मान्य होत्या आणि आपण यशस्वी होणार अशी त्यांची खात्री होती. निकाल काय लागला? छापा-काटा करून उत्तरे दिली असती तर जेवढी बरोबर आली असती, साधारण तेवढीच बरोबर आली.

मन का मानत नाही?

असे निकाल कळूनही विश्वास का ढळत नाही? पहिले कारण म्हणजे अनुभव. फांदीची ओढ पाणाड्याला स्वतःच्या हातात जाणवते. छापलेला आकडा त्यापुढे फिका पडतो. दुसरे कारण म्हणजे सबब. बोअर कोरडी गेली, तर "आणखी पन्नास फूट जायला हवे होते," "खोदणाऱ्याने जागा हातभर चुकवली," असे म्हणता येते. पाणी लागले तर विद्या खरी, न लागले तर चूक दुसऱ्याची. जी गोष्ट कधी चुकूच शकत नाही, तिची परीक्षा घेणार कशी? विज्ञानाचे सोंग घेणाऱ्या अशा गोष्टींना छद्मविज्ञान म्हणतात. या सबबीवरूनच ते पुष्कळदा ओळखता येते.

तिसरे कारण सर्वांत मोठे आहे. ते म्हणजे भीती. मॅलिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने पॅसिफिक महासागरातील ट्रोब्रियांड बेटांवर एक गोष्ट टिपली. तेथील कोळी शांत खाजणात मासे धरताना जादूटोणा करत नसत, कारण तेथे मासळी हमखास मिळे. खुल्या समुद्रावर जाताना मात्र मंत्रतंत्र चाले, कारण तेथे जिवाला धोका होता आणि मासळीची खात्री नव्हती. आपल्या शेतकऱ्याचेही तसेच नाही का? दोनशे-तीनशे फूट खोदायचे, पैसे कर्जाऊ आणलेले, पीक वाळत चाललेले. अशा वेळी "अमुक जागी खोद" असे ठामपणे सांगणारा कोणीतरी हवा असतो. त्याला हसून काय होणार? त्याची अडचण खरी आहे. चुकीचे आहे ते उत्तर.

मग भूवैज्ञानिक चुकत नाही काय? चुकतो. तो आसपासच्या विहिरींच्या पातळीच्या नोंदी पाहतो, खडकाचे थर तपासतो, जमिनीत वीज सोडून ती किती अडते ते मोजतो, आणि तरीही कधी कधी बोअर कोरडी जाते. फरक एवढाच, की ती कोरडी बोअरही नोंदवहीत लिहिली जाते आणि पुढचा अंदाज सुधारायला उपयोगी पडते.

करून पाहा

एकसारखे पाच झाकणाचे डबे घ्या. एका मित्राने चिठ्ठी काढून कोणत्या तरी एका डब्यात पाणी भरावे, बाकीच्यांत तेवढ्याच वजनाची वाळू भरावी, झाकणे लावावी आणि खोलीबाहेर निघून जावे. तो समोर राहिला, तर त्याच्या चेहऱ्यावरून उत्तर कळू शकते. मग ज्याला फांदीवर किंवा लोलकावर भरवसा आहे, त्याने डबा ओळखावा. असे पन्नास वेळा करा. नुसत्या अंदाजानेही सुमारे दहा उत्तरे बरोबर येतील. कधी आठ येतील, कधी बारा. तीस आली तर मात्र खरोखरच विचार करायला हवा!

मात्र सुरुवात करण्यापूर्वी दोघांनी मिळून एका कागदावर लिहून ठेवा, की किती उत्तरे बरोबर आली तर "जमते" म्हणायचे आणि किती आली तर "जमत नाही" म्हणायचे. मग प्रत्येक वेळचे उत्तर लिहीत जा, बरोबर आलेले आणि चुकलेलेही. आणि हो, पहिल्यांदा फांदी तुम्ही स्वतःच हातात धरा. ती हलेल, अगदी खरी वाटेल अशी हलेल. ती ओढ एकदा अनुभवली, म्हणजे पाणाड्यावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाला तुम्ही हसणार नाही. त्याच्याशी बोलाल.