विश्लेषण : टेम्पोचा विमा भरलेला, तरी भरपाई मालकाच्या खिशातून का जाते?

किराणा, बेकरी, हार्डवेअर, भाजीपाला, केटरिंग… धंदा कोणताही असो, दुकानापुढे एखादा छोटा हत्ती, पिकअप किंवा व्हॅन उभी असतेच. तिचा विमा बहुतेक मालक दरवर्षी भरतात, कारण रस्त्यात पोलिसांनी अडवले की तो दाखवावा लागतो. पॉलिसीत नेमके काय लिहिले आहे, हे मात्र अपघात झाल्यावरच वाचले जाते. अनेकदा वाद अडतो तो ‘वापराची मर्यादा’ या एका ओळीवर. वाहन कशासाठी वापरायचे आणि कशासाठी नाही, हे ती ओळ ठरवते.

सक्तीचा विमा कोणता?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार रस्त्यावरील प्रत्येक वाहनाला ‘थर्ड पार्टी’ विमा लागतो. तो नसेल तर पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दंड चार हजार. या विम्यातून पैसे मिळतात ते अपघातात सापडलेल्या दुसऱ्या माणसाला. मृत्यू वा दुखापतीच्या भरपाईला त्यात कमाल मर्यादा नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला मालवाहू वाहनांसाठी साडेसात लाखांची आहे. आपल्याच टेम्पोचे नुकसान, चोरी, आग, पूर यासाठी ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ पॉलिसी घ्यावी लागते.

स्वतःचा माल की भाड्याचा?

खरी मेख इथे आहे. थर्ड पार्टीचे दर केंद्र सरकार ठरवते. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार, ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे चारचाकी मालवाहू वाहन केवळ स्वतःच्या मालासाठी वापरले तर वार्षिक हप्ता ८,५१० रुपये. तेच वाहन दुसऱ्याचा माल भाड्याने नेत असेल तर १६,०४९ रुपये. जीएसटी वेगळा. वाहन तेच, वजन तेच, पण हप्ता जवळपास दुप्पट. साहजिकच दुकानदाराला पहिला पर्याय बरा वाटतो, आणि तो फक्त स्वतःचाच माल नेत असेल तर त्यात गैर काही नाही.

पण नाशिकच्या हार्डवेअर दुकानदाराने सिन्नरला सिमेंट पोहोचवले आणि गाडी रिकामी आणण्यापेक्षा परतीला कोणाच्या तरी कांद्याच्या गोण्या भाड्याने घेतल्या, की वापर बदलला. अपघात त्या परतीच्या फेरीत झाला तर पॉलिसी हातात असूनही अटीचा भंग झालेला असतो. डिझेलपुरते मिळालेले ते भाडे मग फार महाग पडते.

पांढऱ्या नंबर प्लेटच्या खासगी गाडीबाबत अट आणखी कडक आहे. खासगी मोटारीच्या पॉलिसीत भाड्याने वापर आणि मालाचे नमुने किंवा वैयक्तिक सामान सोडून इतर मालवाहतूक वगळलेली असते. घरच्या व्हॅनमधून रोज केकची खोकी पोहोचवणारा बेकरीवाला नेमका या अटीत सापडतो.

अटीचा भंग झाला, तर सगळेच बुडते?

नाही, पण त्रास मोठा होतो. वाहनाच्या स्वतःच्या नुकसानीबाबत सर्वोच्च न्यायालयाने अमलेंदू साहू प्रकरणात २०१० मध्ये सांगितले, की वापराच्या अटीचा भंग झाला म्हणून दावा संपूर्ण फेटाळता येत नाही. तो ‘नॉन-स्टँडर्ड’ धरून मंजूर होण्याजोग्या रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत पैसे देता येतात. त्यासाठी ग्राहक आयोगाच्या पायऱ्या झिजवण्याची तयारी मात्र हवी.

थर्ड पार्टीच्या दाव्यात चित्र वेगळे असते. जखमीला किंवा मृताच्या कुटुंबाला ताटकळत ठेवू नये म्हणून अनेक प्रकरणांत न्यायालये विमा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतात आणि ती रक्कम नंतर वाहनमालकाकडून वसूल करण्याची मुभा देतात. २०१८ मध्ये अमृतपाल सिंग प्रकरणात परमिट नसलेल्या वाहनाबाबत सर्वोच्च न्यायालयाने हाच मार्ग कायम ठेवला. म्हणजे पीडिताला पैसे मिळतात आणि वसुलीची नोटीस मालकाच्या दारात येते. ती रक्कम काही लाखांची असू शकते. तिच्यापुढे हप्त्यात वाचलेले साडेसात हजार कुठेच राहत नाहीत.

तीन हजार किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालवाहू वाहनाला परमिट लागत नाही, त्यामुळे छोट्या हत्तीचा मालक या बाबतीत निश्चिंत असतो. काही मोठी पिकअप वाहने मात्र ही मर्यादा ओलांडतात. आरसीवरील एकूण वजनाचा आकडा त्यासाठी पाहायला हवा. फिटनेसचेही तसेच : वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी प्रमाणपत्र घ्यावे लागते.

वऱ्हाड टेम्पोत बसले तर?

लग्नसराईत आणि जत्रेच्या दिवसांत गावोगाव दिसणारे दृश्य : टेम्पोच्या हौद्यात ताडपत्री अंथरून बसलेली वीस-पंचवीस माणसे. १९९४ च्या दुरुस्तीनंतर मालवाहू वाहनातून जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांना सक्तीच्या विम्याचे संरक्षण आहे. भाजीच्या जुड्यांसोबत बाजाराला निघालेला शेतकरी त्यात येतो. वऱ्हाडी येत नाहीत. आशा राणी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या अखेरीस स्पष्ट केले, की मालवाहू वाहनातून फुकट नेलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही. नंतरच्या काही निकालांत कंपनीला आधी पैसे देऊन वसूल करण्यास सांगितले गेले, पण अखेरचा भार मालकावरच राहिला. शेजारधर्म म्हणून, एक पैसाही न घेता गाडी दिली असली तरी यात फरक पडत नाही.

चालकाच्या परवान्याचा वाद मिटला?

बराचसा. हलके वाहन चालवण्याचा परवाना असलेल्या चालकाने मालवाहू टेम्पो चालवला तर तो परवाना वैध नाही, असे म्हणत कंपन्या वर्षानुवर्षे दावे अडवत होत्या. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यांच्या घटनापीठाने रंभा देवी प्रकरणात निकाल दिला : ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे व्यावसायिक वाहन चालवण्यासाठी हलक्या वाहनाचा परवाना पुरेसा आहे, वेगळी नोंद लागत नाही. धोकादायक माल नेणाऱ्या वाहनांसाठीचे वेगळे नियम मात्र कायम आहेत.

बंपर, टायर, हमाल आणि माल

मालवाहू वाहनाच्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीतही दिवे, टायर-ट्यूब, मडगार्ड, बॉनेटचे बाजूचे भाग, बंपर आणि रंगकाम आपोआप येत नाही. वाहन पूर्ण निकामी झाले तरच त्यांचा विचार होतो. किरकोळ धडकेत मोडतात ते नेमके हेच भाग. त्यासाठी ‘आयएमटी २३’ हे जोडसंरक्षण जादा हप्ता भरून घ्यावे लागते. स्वस्त पॉलिसीत हेच आधी गाळले जाते, आणि गॅरेजचे बिल आल्यावर ते कळते.

टेम्पोतील माल या पॉलिसीत येत नाही. फरशा फुटल्या किंवा फ्रिज भिजला तर त्यासाठी मालवाहतुकीचा वेगळा विमा हवा. पगारी चालक, क्लीनर आणि माल चढवणारे-उतरवणारे हमाल यांच्यापैकी कितीजण धरले आहेत, हे पॉलिसीच्या पहिल्या पानावरील हप्त्याच्या तपशिलात दिसते. प्रत्येक माणसामागे त्याचा खर्च अगदी किरकोळ असतो, तरीही हमालांचा रकाना अनेकदा रिकामाच सापडतो. मालकाला १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण मिळते, पण वाहन त्याच्या स्वतःच्या नावावर आणि परवाना वैध असेल तर. भागीदारी संस्था किंवा कंपनीच्या नावावरील वाहनाला ते लागू होत नाही.

जुना टेम्पो घेताना?

विक्रीनंतर थर्ड पार्टी विमा नव्या मालकाकडे आपोआप जातो. स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण तसे जात नाही; त्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा लागतो. व्यवहार झाला, टेम्पो दारात आला, पण पॉलिसी जुन्याच नावावर राहिली आणि महिन्याभरात चोरी झाली, तर नव्या मालकाच्या हाती काही लागणे कठीण.

दावा नाकारला तर?

नकाराचे कारण कंपनीकडून लेखी घ्यावे आणि आधी कंपनीच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. एकट्या मालकीचे व्यवसाय आणि सूक्ष्म उद्योग यांच्या तक्रारी लोकपाल स्वीकारतात. शुल्क नाही, वकिलाचीही गरज नाही. महाराष्ट्रात लोकपालांची कार्यालये मुंबई, पुणे आणि ठाणे येथे आहेत. तक्रार मात्र कंपनीच्या नकारानंतर वर्षभराच्या आत करावी लागते.