बेळगावची ऑर्डर आली आणि मी अडकलो

सीमेपलीकडचा व्यापार म्हटलं की आपल्याला वाघा आठवतं, नाहीतर बांगलादेशला जाणारा कांदा. पण आपल्या नसरापूरच्या चेलाडी फाट्यावरून जो हायवे जातो ना, तोच पुढे कोल्हापूर, कागल करत निपाणीत शिरतो. कागल सुटलं की राज्य बदललं. निपाणी-बेळगाव १९५६ साली तिकडे गेलं, तरी चंदगडची माणसं खरेदीला आजही बेळगावला जातात.

दोन वर्षांपूर्वी तिथल्या एका दुकानदाराने माझ्याकडे इंद्रायणी तांदूळ मागितला. ५ किलोच्या १६० पिशव्या, ७० रुपये किलोने ५६,००० चा माल. मी खूश! टेम्पोसुद्धा ठरवला. सहज म्हणून सीएला फोन केला, तर ते म्हणाले, "तुम्ही कंपोझिशनमध्ये आहात. राज्याबाहेर माल विकता येणार नाही."

झालं, ऑर्डर गेली.

हे आधी कळायला हवं होतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि सीमेवरचे विक्रीकराचे नाके उठले, म्हणून आपल्याला वाटतं आता सगळं मोकळं. पण बिलाची सीमा आहेच. महाराष्ट्रात ४० लाखांच्या आत उलाढाल असेल तर माल विकणाऱ्याला नोंदणी लागत नाही. करपात्र माल दुसऱ्या राज्यात पाठवायचा म्हटलं की पहिल्या रुपयापासून लागते. सुट्ट्या तांदळाला कर नाही, पण १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पिशवीला ५ टक्के आहे. ई-वे बिलाचंही तसंच. राज्यात १ लाखापर्यंत चालून जातं, सीमा ओलांडताना ५०,००० च्या वर गेलात की काढायलाच लागतं. माझा माल करासकट ५८,८०० होत होता, म्हणजे टेम्पो तसाच सोडला असता तर दंड ठरलेला.

मग मी कंपोझिशन सोडलं. रिटर्नचं काम वाढलं, खोटं कशाला सांगू! पण खरेदीवरच्या कराचं क्रेडिट मिळायला लागलं. तुमचं गिऱ्हाईक फक्त गावातलंच असेल तर मात्र उगाच सोडू नका, कंपोझिशन बरं.

आणखी एक. डिसेंबर २०२२ मध्ये सीमावाद पेटला, तेव्हा गाड्यांवर दगडफेक झाली, एसटी बंद राहिली. म्हणून तिकडे माल पाठवताना मी निम्मे पैसे आधी घेतो आणि तारखेत दोन दिवस जास्तीचे धरतो.

त्या दुकानदाराचा यंदा परत फोन आला. या वेळी बिलावर आयजीएसटी लावला, ई-वे बिल काढलं आणि संध्याकाळी टेम्पो चेलाडीवरून निघाला.