ब्रेक लाइट लागत नाही: शोध कुठून सुरू करावा?

मोटारसायकल चालवणाऱ्याला आपल्या गाडीवरचा एक दिवा कधीच दिसत नाही. तो म्हणजे ब्रेक लाइट. हेडलाइट गेला तर रात्री लगेच कळते. हॉर्न बंद पडला तर पहिल्याच गर्दीत कळते. ब्रेक लाइट मात्र महिनोन्महिने बंद असला तरी गाडी नेहमीसारखीच धावते. त्याची उणीव भासते ती मागून येणाऱ्याला, आणि तीही नेमकी ऐन वेळी. ताशी ५० किलोमीटर वेगाने येणारे वाहन एका सेकंदात सुमारे १४ मीटर अंतर कापते. पुढचा थांबतो आहे हे कळायला एक सेकंद उशीर झाला, तर तेवढे अंतर हातचे जाते.

या दिव्यातला दोष शोधायला लागणारे विज्ञान शाळेतच शिकवले जाते. एकसर जोडणी, समांतर जोडणी आणि ओहमचा नियम एवढ्यावर आपले काम भागते.

परिपथ कसा असतो?

बहुतेक मोटारसायकलींत विद्युतधारेचा मार्ग असा असतो: बॅटरीचे धन अग्र, फ्यूज, किल्लीचा स्विच, ब्रेकचा स्विच, मागे जाणारी तार, बल्बचा होल्डर, बल्ब, आणि शेवटी गाडीचा लोखंडी सांगाडा. परतीची तार म्हणून सांगाड्याचाच उपयोग होतो. गॅरेजमध्ये याला 'बॉडी अर्थ' म्हणतात. हे सर्व भाग एकसर जोडलेले असल्याने त्यांतला कोणताही एक तुटला की दिवा बंद.

ब्रेकचे स्विच मात्र दोन असतात. एक हातातल्या ब्रेकजवळ, दुसरा पायाच्या ब्रेकजवळ. हे दोन्ही समांतर जोडलेले असल्याने कोणताही एक ब्रेक दाबला तरी दिवा लागतो.

तंतूच्या बल्बमध्ये साधारणपणे एकाच काचेत दोन तंतू असतात: टेल लाइटचा ५ वॉटचा आणि ब्रेकचा २१ वॉटचा. १२ व्होल्टला पहिला सुमारे ०.४ अँपिअर धारा घेतो, दुसरा १.७५ अँपिअर. हे आकडे पुढे उपयोगी पडतील.

हत्यार हातात घेण्यापूर्वी

एकेक भाग क्रमाने तपासत गेलो तर वरच्या आठ भागांसाठी सात चाचण्या लागू शकतात. प्रत्येक चाचणीने निम्मे भाग बाद केले, तर तीनच पुरतात. म्हणून आधी असे प्रश्न विचारावेत, की ज्यांच्या उत्तराने बरेच संशयित एकदम सुटतील.

पहिला प्रश्न: हॉर्न वाजतो का? अनेक गाड्यांत हॉर्न आणि ब्रेक लाइट एकाच फ्यूजवर असतात. तशा गाडीत हॉर्न खणखणीत वाजला की बॅटरी, फ्यूज आणि किल्लीचा स्विच निर्दोष ठरतात.

दुसरा प्रश्न: दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून काय होते? हाताच्या ब्रेकने दिवा लागतो पण पायाच्या ब्रेकने नाही, तर बल्ब, होल्डर आणि अर्थ ठीक आहेत. दोष पायाकडच्या स्विचमध्ये किंवा त्याच्या तारेत. हा स्विच बऱ्याच गाड्यांत पेडलला जोडलेल्या स्प्रिंगने ओढला जातो. स्प्रिंग निसटली किंवा स्विच खाली सरकला, तर पेडल दाबूनही तो जोडला जात नाही. त्याच्यावरची चाकी फिरवून तो वर घेतला की काम होते.

दोन्ही ब्रेकने दिवा लागत नसेल तर? विद्यार्थी इथे चटकन म्हणतील, 'दोन्ही स्विच एकदम बिघडणे अशक्य. म्हणून दोष सामाईक भागात.' बहुधा हे बरोबर असते, पण त्यात एक फट आहे. दोन्ही स्विच एकदम बिघडण्याची गरजच नसते. हाताकडचा स्विच सहा महिन्यांपूर्वी गेला असेल आणि पायाकडचा काम करत होता म्हणून कोणाच्या लक्षात आले नसेल. आज पायाकडचाही गेला. समांतर जोडणी संरक्षण देते, आणि त्याच वेळी दोष झाकूनही ठेवते. म्हणून असे दोन मार्ग असतील तिथे प्रत्येक मार्ग अधूनमधून स्वतंत्रपणे तपासावाच लागतो.

बल्ब आणि होल्डर

आता बल्ब काढून पाहू. सर्वांत जास्त संशय याच्यावरच, आणि तपासायलाही हाच सोपा. थंड टंगस्टनचा रोध तप्त टंगस्टनच्या सुमारे एक दशांश असतो, त्यामुळे दिवा लागताक्षणी नेहमीच्या कितीतरी पट धारा तंतूतून जाते. ब्रेकच्या तंतूला दिवसातून शेकडो वेळा हा धक्का सोसावा लागतो, शिवाय रस्त्याचे हादरे वेगळेच. टेल लाइट लागतो म्हणजे बल्ब चांगला, असे समजू नये. तंतू दोन आहेत.

बल्ब चांगला असेल तर होल्डरमधल्या ब्रेकच्या टोकापर्यंत वीज पोचते का ते पाहावे. इथे मल्टिमीटर कधीकधी चकवतो. समजा, पावसाच्या पाण्याने एका जोडावर गंज धरला आणि तिथला रोध ७ ओहम झाला. मीटर अवघी मायक्रोअँपिअरभर धारा घेतो, म्हणून गंजावर विभवांतर जवळजवळ पडतच नाही, आणि मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. पण तप्त तंतूचा रोधही सुमारे ७ ओहमच आहे. बल्ब लावताच निम्म्याहून अधिक व्होल्ट गंजच खातो. म्हणून मीटरऐवजी तसाच दुसरा बल्ब दोन तारांनी जोडून पाहावा: एक तार होल्डरच्या टोकाला, दुसरी सांगाड्याच्या स्वच्छ धातूला. ब्रेक दाबल्यावर तो झगझगीत पेटला तर मार्ग ठीक. मग दोष होल्डरच्या अर्थमध्ये.

तो पेटला नाही, तर ब्रेकच्या स्विचच्या दोन तारा क्षणभर एकमेकींना जोडाव्यात. दिवा लागला तर स्विच खराब. नाही लागला तर तार किंवा जोड. या तारा सांगाड्याला लागू देऊ नयेत, नाहीतर फ्यूज उडेल.

अर्थ सुटला असेल तर गमतीदार लक्षणे दिसतात. टेल लाइट बंद असताना ब्रेक दाबला की स्पीडोमीटरचा दिवा मंद लुकलुकतो. ब्रेकच्या तंतूतून आलेल्या धारेला परतीची वाट मिळत नाही, म्हणून ती टेल लाइटच्या तंतूतून उलटी शिरून मीटरच्या दिव्यामार्गे सांगाडा गाठते. परिपथ काढून दाखवल्यास विद्यार्थ्यांना हे 'भूत' लगेच समजते.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर त्याजागी जाड तार किंवा चांदी कागद कधीही लावू नये. फ्यूज उडणे ही कुठेतरी तार सांगाड्याला घासत असल्याची खबर असते. ती दडपली तर तार तापून आग लागू शकते.

वर्गात करण्याजोगे

लाकडी पाटीवर एक बॅटरी, एक बल्ब, समांतर जोडलेले दोन स्विच आणि चार-पाच जोड असा परिपथ तयार करावा. शिक्षकांनी गुपचूप एक दोष ठेवावा; जोडात कागदाचा कपटा अडकवला तरी पुरे. कोणता गट सर्वांत कमी चाचण्यांत दोष शोधतो ते पाहावे. प्रत्येक चाचणीपूर्वी 'उत्तर हो आले तर काय बाद होईल, नाही आले तर काय?' हे वहीत लिहायला सांगावे. दुसऱ्या फेरीत दोन दोष ठेवावेत, त्यांतला एक स्विचमध्ये.

एलईडी दिव्यांच्या गाड्यांत तंतू तुटण्याचा प्रश्न नाही, पण स्विच, जोड आणि अर्थ तेच आहेत. म्हणून महिन्यातून एकदा संध्याकाळी गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करावी आणि हाताचा व पायाचा ब्रेक वेगवेगळा दाबून भिंतीवरचा लाल उजेड पाहावा. ब्रेक सोडल्यावर उजेड कमी होतो की नाही, हेही पाहावे. सतत पेटलेला ब्रेक लाइट मागच्याला काहीच सांगत नाही. त्याला खबर मिळते ती उजेडातल्या बदलातून.