दावा साहेबांवर, खर्च कुणाचा?

अनधिकृत बांधकाम पाडल्यावर मालक कधी कधी महापालिकेबरोबर कनिष्ठ अभियंत्यालाही कोर्टात खेचतो. मुंबईपुरतं उत्तर १८८८च्या महापालिका अधिनियमातल्या कलम ५२७ मध्ये आहे. कायद्यानुसार केलेल्या कामाबद्दल दावा लावायचा तर आधी लेखी नोटीस द्यायची, महिनाभर थांबायचं आणि कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करायचा. नोटिशीत न मांडलेलं कारण पुढे चालत नाही.

कर्मचाऱ्याच्या दृष्टीने खरी मेख पोटकलम ३ मध्ये. कोर्टखर्च असो वा नुकसानभरपाई, त्याच्यावर पडलेली रक्कम स्थायी समितीच्या पूर्वमंजुरीने पालिका निधीतून देता येते. ‘देता येते’ म्हणजे द्यावीच लागते असं नव्हे; समितीने नाकारलं तर साहेबांचा खिसा आहेच. फौजदारी तक्रारीला ही नोटिशीची ढाल लागू नाही.